हात वर असताना

आमच्या दादाचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा तोफेने एकच ओळ दोनदा सुरू केली. तोफ म्हणजे आमच्या गानवृंदातला सगळ्यात खालच्या पट्टीचा गायक. पूर्वी बस चालवायचा, आता निवृत्त आहे. आवाज एवढा की तो नुसता खाकरला तरी पुढच्या रांगेतल्या बायका दचकतात. हंगामाची पहिलीच मैफल, शाळेचं सभागृह भरलेलं, आणि हा गडी एकदा ‘पहाट’ म्हणून अडखळला आणि पुन्हा ‘पहाट’ म्हणाला. लोक हसले. त्या दिवशी आमच्याकडे दोनदा उजाडलं.

मध्यंतरात मी त्याला पडद्यामागे गाठलं.

“काय हो, झोपेत गाता का?”

“ताई, मी मास्तरांच्या हातावरच गेलो. हात दोनदा खाली आला.” मास्तर म्हणजे आमचा दादा, वृंदाचा संचालक.

“आपलं चुकलं की दुसऱ्याच्या हातावर ढकलायचं! उचलली जीभ लावली टाळ्याला.”

उत्तरार्धात मी पियानोवरून मुद्दाम दादाच्या हाताकडे पाहिलं. एरवी मी पाहत नाही. इतकी वर्षं त्याच्या साथीला बसल्यावर त्याच्या खांद्यावरून मला सगळं कळतं. त्याच्या हातातल्या छडीचं टोक शिवणयंत्राच्या सुईसारखं नाचत होतं. तोफेची माफी मात्र मी आजतागायत मागितलेली नाही, आणि मागणारही नाही, कारण मग तो डोक्यावर बसेल.

ज्यांनी कधी समूहात गाणं म्हटलेलं नाही त्यांना वाटतं, संचालक म्हणजे समोर उभं राहून हवेत हात फिरवणारा माणूस. तो नसला तरी चालेल. तसं नाही. हात वर गेला की चाळीस माणसांनी श्वास घ्यायचा, आणि खाली येऊन टेकला की सूर लावायचा. बस, सगळा संसार एवढाच. तो हात उतरताना मध्येच थरथरला की प्रत्येक जण आपापला तळ शोधतो, आणि एका सुराचे चाळीस तुकडे होतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही. त्याला नुसतं गाणं मळकट वाटतं.

आणि दादाचं गाणं कधी मळकट नव्हतं. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाला, मूलबाळ नाही, जे काही आहे ते हे चाळीस गळे. त्याची शिस्त एकच, पण जीवघेणी: कुणी मान हलवायची नाही. ताल पायाने नाही, मानेने नाही, भुवईने सुद्धा नाही. मान हलवणारा गायक म्हणजे फुकटचा दुसरा संचालक, असं तो म्हणायचा. नव्या माणसाच्या डोक्यावर जाडजूड शब्दकोश ठेवून त्याच्याकडून अख्खं गाणं म्हणवून घ्यायचा. आमची शिंपीण, वरच्या पट्टीतली सगळ्यात पक्की गायिका, तिच्या डोक्यावरून तो शब्दकोश तीनदा पडला आणि तिसऱ्यांदा दादाच्या अंगठ्यावर पडला. तेव्हापासून तिची मान खांबासारखी सरळ आहे.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. दवाखान्यात मी आणि वहिनी दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो होतो. डॉक्टर गोळ्यांचं समजावत होते, व्यायामाचं समजावत होते, आणि दादा समोरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

“एवढा हंगाम होऊ दे,” तो म्हणाला.

“हंगामाचा याच्याशी काही संबंध नाही,” डॉक्टर म्हणाले. “गोळ्या आजपासूनच. आणि वेळेवर.”

“गोळ्या घेतो हो. पण तुम्ही माझं चालणं घ्या, लिहिणं घ्या, जेवताना घास सांडू दे. हे तेवढं नका घेऊ.” असं म्हणून त्याने उजवा हात पुढे केला. डॉक्टरांनी तो हातात घेतला, जणू तो घ्यायचा की ठेवायचा ते आता तेच ठरवणार होते. वहिनी उठून बाहेर गेली. मी तिथेच बसून राहिले, कारण कुणीतरी बसायला हवं होतं.

आमच्या तालमी सुतारकामाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होतात. खाली करवत बंद झाली की वर गाणं सुरू. खुर्च्यांवर लाकडाचा भुसा, आणि पियानोची एक पट्टी दमट हवेत खाली बसते ती वरच येत नाही. पुढच्या तालमीला दादा छडीशिवाय आला. छडी विसरलो म्हणाला. छडीच्या टोकाला थरथर दुप्पट दिसते, हे त्याला कळलं होतं आणि मलाही. साथीशिवायचं गाणं होतं. त्याने हात वर केला, हात खाली आला, आणि गाणं फुटलं. पुन्हा केला, पुन्हा फुटलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी श्वास रोखून त्याच्या खांद्याकडे बघत होते. खांदा थरथरत नव्हता. हाताला काय करायचंय ते खांद्याला अजून नीट माहीत होतं. खांदा उतरला आणि माझ्याही नकळत माझी मान खाली झाली.

शिंपीण नेमकी त्याच क्षणी सुरात आली. तिच्यामागून सगळे आले, एका गळ्यातून यावेत तसे.

“हां!” दादा ओरडला. “हे! हे इतका वेळ कुठे ठेवलं होतं?”

तो पाणी प्यायला खाली गेला तेव्हा शिंपीण आणि तोफ पियानोपाशी आले. शिंपीण पियानोच्या झाकणावरचा भुसा बोटाने पुसत राहिली.

“ताई, मघाशी तुम्ही मान हलवली.”

“मुळीच नाही.”

“हलवली. आणि जमलं. मी मास्तरांकडेच बघते हो, त्यांच्या कपाळाकडे. पण डोळ्याच्या कडेला तुम्ही दिसता. पियानो थोडा पुढे सरकवला तर सगळ्यांनाच दिसाल.”

“आणि त्याला कळलं तर?”

“कोण सांगणार?” तोफ म्हणाला. त्याची कुजबूजसुद्धा खालच्या सुतारांना ऐकू जाते, म्हणून मी त्याला दटावलं. “अळीमिळी गुपचिळी, ताई. चाळीस जण आहोत, पण एकाचंही तोंड उघडणार नाही.”

चाळीस तोंडं उघडायला शिकवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यासाठी चाळीस तोंडं मिटली. मला त्यांचं कौतुक वाटलं, हे मी लपवत नाही. भिंतीला ओल आहे असं दादाला सांगून पियानो दोन हात पुढे घेतला. तो कुरकुरला, पण ऐकलं. माझा हिशोब सरळ होता: त्याच्या मनात जे आहे ते खांद्यापर्यंत येतं, हातात पोचत नाही, तेवढा मधला रस्ता मी चालायचा. गाणं त्याचंच. वेळ त्याचीच. मी नुसती निरोप्या.

आणि काय सांगू, त्या हंगामात आम्ही गायलो तसे कधी गायलो नव्हतो. वृद्धाश्रमात गायलो, तिथल्या एका आजोबांनी शेवटी उठून दादाच्या पाठीवर थाप मारली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात गायलो, परिचारिका ट्रे हातात घेऊन उभ्या राहिल्या. ग्रंथालयाच्या वर्धापनदिनाला गायलो. दादा फुलला. दाढी वेळेवर करायला लागला, तालमीत विनोद सांगायला लागला, तोफेला ‘आपले रेडिओ केंद्र’ म्हणायला लागला. घरी येताना मला म्हणाला, “ठमे, हात थरथरतो तो चहाच्या कपापुरता. गाण्यात नाही थरथरत. गाण्याला माहीत असतं.”

सत्तावन्न वर्षांच्या बाईला ठमी म्हणणारा जगात तो एकटाच उरलाय. मी हो म्हटलं.

मग एका सकाळी वहिनी माझ्याकडे आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. वहिनी असं कधी करत नाही. हातात मातीने माखलेल्या गोळ्यांची पुडी होती.

“वन्सं, हे बघा. पंधरवडा झाला. मी रोज वाटीत काढून ठेवते, ते कुंडीत टाकतात. काल कुंडीतच सापडल्या.”

“का पण?”

“मला काय विचारता? तुम्हालाच विचारायला आलेय.” तिचा आवाज चढला. “म्हणतात, गोळ्यांनी डोकं जड होतं, सूर बोथट लागतो. म्हणतात, गाणं बिघडलं असतं तर घेतल्या असत्या. गाणं तर पूर्वीपेक्षा चांगलं होतंय, मग आजार कुठाय? हातच्या काकणाला आरसा कशाला, असं मलाच ऐकवतात. काल न्हाणीघरात तोल गेला. कपाळाला एवढं टेंगूळ आहे. तालमीत टोपी घालून आले ना? कशाला घातली ते विचारलंत कुणी?”

मी खाली बसले. वहिनीला सगळं माहीत होतं, शिंपिणीने तिला कधीच सांगितलं होतं, आणि ती इतके दिवस माझ्यासारखीच गप्प होती. आता दोघींना एकच गोष्ट दिसत होती. आम्ही त्याला वाचवायला गेलो आणि त्याच्या घशातला औषधाचा घोटच काढून घेतला.

“सांगून टाका त्यांना,” वहिनी म्हणाली.

“तू सांग.”

“मी बायको आहे. माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. म्हणतील, घाबरवतेय.”

“वहिनी, महोत्सव आठ दिवसांवर आलाय. तेवढा होऊ दे.”

बोलून झाल्यावर मला कळलं की हे वाक्य मी कुणाचं उचललंय. वहिनीलाही कळलं. “तुम्ही भावंडं अगदी एका माळेचे मणी,” असं म्हणून ती निघून गेली, आणि जाताना दार आपटलं. एवढ्या वर्षांत तिने माझ्या घराचं दार पहिल्यांदा आपटलं. ते आठ दिवस मला झोप नव्हती. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं, रोज संध्याकाळी तालमीला तो हसत जिना चढून यायचा, आणि मी पियानोचं झाकण उघडायचे.

महोत्सव शेजारच्या शहरात होता. मोठं सभागृह, लाल खुर्च्या, परीक्षकांच्या टेबलावर छोटे दिवे. आम्ही ‘नावाडी’ घेतलं होतं. साथीशिवायचं गाणं, चाल दादाचीच. पूर्वार्धात नाव किनारा सोडून जाते, मग एक विराम येतो, आणि मग परतीचं कडवं. त्या विरामाची लांबी कागदावर लिहिलेली नाही. दादा ती तिथल्या तिथे ठरवतो. लोक किती वेळ नावेची वाट बघतील ते माझ्या पाठीला कळतं, असं तो म्हणतो. कधी दोन श्वासांचा, कधी चारचा. आमच्या सगळ्या गाण्यांत ही एकच जागा अशी होती, जिथे त्याच्याशिवाय कुणालाच काही माहीत नसायचं.

साथ नव्हती तरी मी पियानोवर बसले होते. आधीच्या गाण्याला साथ आहे, आता उठून कुठे जाऊ, असं कारण दिलं होतं. पूर्वार्ध झाला. नाव गेली. दादाने दोन्ही हात वर केले आणि सभागृह गप्प झालं.

उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट, मग कोपरापर्यंत. गोळ्या नव्हत्याच पोटात. बाही फडफडताना दिसायला लागली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने शेजारणीचा हात धरलेला मी पाहिला. परीक्षकांपैकी एकाने चष्मा वर केला. दादा तसाच उभा. त्याला अजून थांबायचं होतं. त्याचा खांदा घट्ट होता, उतरायचं नाव घेत नव्हता, आणि खाली तो हात सगळ्यांसमोर असा हलत होता की मला ते बघवेना. खरंच बघवेना. मला वाटलं, संपव हे, लोक बघतायत, झाकली मूठ राहू दे.

मी मान हलवली.

चाळीस गळे एकदम आले. इतके स्वच्छ, इतके एकत्र, की सभागृहात कुणीतरी ‘अहा’ म्हणालं. दादाचे दोन्ही हात अजून वरच होते.

त्याने आधी शिंपिणीकडे पाहिलं, मग तोफेकडे. सगळे त्याच्या कपाळाकडे बघत गात होते. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या ओळीचा इशारा देत होते, थांबता येत नव्हतं, थांबले असते तर चाळीस माणसं दरीत पडली असती. त्याने हळूच हात खाली घेतले आणि विजारीच्या शिवणीवर ठेवले, शाळेत मुलं सावधानमध्ये उभी राहतात तसे. गाणं थांबलं नाही. परतीचं अख्खं कडवं आम्ही त्याच्याशिवाय गायलो, आणि एकही सूर हलला नाही.

आम्हाला पहिलं पारितोषिक मिळालं. प्रमुख परीक्षक माइकवर म्हणाले, “विरामानंतरचा तो प्रवेश! संचालकांचे हात खाली येण्याचीसुद्धा वाट पाहावी लागली नाही, इतका हा वृंद त्यांच्या मनाशी एकरूप आहे.” टाळ्या कडाडल्या. दादाने खाली वाकून ढाल घेतली. पायरी उतरताना तोफेने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी येऊन बसला. ढाल मांडीवर, तिच्यावरचा पत्रा त्याच्या हाताबरोबर खडखड वाजत होता. मागे कुणी गात नव्हतं.

“केव्हापासून?” त्याने विचारलं.

“पहिल्या मैफलीनंतर.”

“म्हणजे सगळंच. ते वृद्धाश्रमातलं पण?”

“दादा, मी तुझ्या खांद्याकडे बघून करत होते. तुझंच होतं ते. मी फक्त...”

“आज माझं नव्हतं.”

“आज मला बघवलं नाही.”

“मला अजून थांबायचं होतं, ठमे.” एवढंच म्हणाला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाला, “मान छान हलवतेस.” त्याने शिवी दिली असती तर मी सुखाने ऐकली असती.

त्यानंतर तो तालमीला आला नाही. घराबाहेरच पडला नाही. गोळ्या घ्यायला लागला, वहिनीने दिल्या की निमूट गिळायचा, आणि वहिनी म्हणाली की कुंडीत टाकत होते तेव्हा बरे होते, निदान भांडत तरी होते. वृंदातले लोक एकेक करून भेटायला यायचे. आतून आवाज यायचा, “मी झोपलोय म्हणून सांग.” वहिनी दारात उभी राहून तेच पुन्हा सांगायची, “ते झोपलेत,” आणि पाहुणा मान खाली घालून परत जायचा. तोफ रोज यायचा. शेवटी शेवटी तो दाराबाहेरच्या पायरीवर बसून बिड्या ओढत राहायचा आणि निघताना दाराला सांगायचा, “येतो मास्तर.” मी गेले तर दादा मला आत घ्यायचा, पण बोलायचा नाही. सोबत बसलेल्या माणसाने न बोलण्याइतका मार दुसरा नाही.

हंगामाचा शेवट दरवर्षी मोठ्या मैदानावरच्या सामूहिक गाण्याने होतो. तिथे श्रोते नसतात, सगळेच गातात. लोक चटया, खुर्च्या, लेकरं घेऊन येतात, पडद्यावर गाण्याचे शब्द दिसतात, आणि दादा मंचावर उभा राहून दोन हजार माणसांकडून गाऊन घेतो. वृंद मंचावर नसतो. आम्ही चाळीस जण गर्दीत विखरून बसतो, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक तरी पक्का सूर असतो. त्याला आम्ही विरजण लावणं म्हणतो. या वर्षी कार्यक्रम रद्द करावा असं सगळ्यांचं मत पडलं. आदल्या दिवशी वहिनीचा निरोप आला: ते येणार आहेत. आणि मंचाजवळ पियानो नको म्हणालेत.

मी गर्दीत मधोमध बसले, माझ्या एका बाजूला तोफ. दादा एकटाच पायऱ्या चढला. इस्त्रीचा सदरा, कपाळावर टेंगळाचा पिवळा डाग. पहिलं गाणं सगळ्यांच्या तोंडातलं होतं, पोराबाळांनाही येणारं. त्याने हात वर केला. दोन हजार माणसांनी त्या हाताकडे पाहिलं. त्यांना कपाळाकडे बघायला कुणी शिकवलं नव्हतं.

हात खाली आला आणि मैदान फुटलं. डावीकडचे आधी सुटले, मागचे मागून, एक लहान पोर तर आधीच दुसऱ्या ओळीवर. लोक हसले. प्रेमाने हसले, गंमत वाटून हसले. दादाने हात करून थांबवलं. पुन्हा वर केला. पुन्हा फुटलं, आणि या वेळी हसणारे कमी होते. लोक आता हाताकडे नीट बघायला लागले होते.

तिसऱ्यांदा हात वर गेला. तेव्हा मला गर्दीत काहीतरी हललेलं दिसलं. समोर चार रांगा सोडून शिंपिणीने मान वळवली होती. मग उजवीकडे कुणीतरी, मग पार मंचाजवळ कुणीतरी. आमची चाळीस विखुरलेली तोंडं एकेक करून दादाकडून माझ्याकडे वळत होती.

“ताई,” तोफ कुजबुजला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “हलवा ना. एकदाच. आपण चाळीस जण उचलू, बाकीचे येतील मागून. ताई, पाया पडतो.”

दादाने ती वळलेली तोंडं पाहिली. मंचावरून सगळं दिसतं. त्याने हात वरच ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बाही फडफडत होती. मला पुन्हा बघवत नव्हतं, महोत्सवात नव्हतं त्याहून जास्त. मी हनुवटी छातीशी घट्ट दाबली आणि दोन्ही हातांनी स्वतःची मान धरून बसले. मला गाणं फुटलेलं फक्त ऐकू आलं. ते आधीच्या दोन्ही वेळांपेक्षा वाईट फुटलं, कारण आता आमची चाळीस माणसंही गात नव्हती.

मी मान वर केली तेव्हा तो माइककडे आला होता.

“हे माझ्या हातानं झालं,” तो म्हणाला. आवाज साफ होता. “तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही हाताबरोबर आलात. माझ्या हाताबरोबर बऱ्याच दिवसांनी कुणी आलं.” लोकांना काही कळलं नाही. काहींनी टाळ्या वाजवल्या. तो थांबला, आणि मग म्हणाला, “माझी बहीण इथे बसलीय. ती पुढे घेईल.”

मी नको नको म्हणत होते. तोफेने मला दंडाला धरून उभं केलं. मंचाच्या पायरीवर दादा उतरत होता आणि मी चढत होते. मी त्याला म्हटलं, “दादा, माझ्याच्यानं नाही होणार.”

“होतं,” तो म्हणाला. “मी पाहिलंय.”

तो वहिनीशेजारी पहिल्या रांगेत जाऊन उभा राहिला. उजवा हात त्याने डाव्या हातात धरून ठेवला होता. मी मंचावरून त्याच्याकडे बघितलं, तो माझ्या हाताकडे बघत होता. दोन हजार माणसं माझ्या हाताकडे बघत होती. मी हात वर केला.

सगळ्या मैदानाने श्वास घेतला. त्याने पण घेतला. त्याची छाती भरलेली, खांदे उचललेले मी स्पष्ट पाहिले, चाळीस वर्षं तो आम्हाला शिकवत आला अगदी तसा, खोल आणि वेळेवर. माझा हात खाली आला, आणि गाणं एकसंध उठलं, पुढून मागपर्यंत, कुठेही न फाटता. वहिनी गात होती. तोफेचा आवाज दोन हजारांतूनही वेगळा येत होता. दादाचं तोंड मिटलेलं होतं. तो श्वास त्याने तसाच आत धरून ठेवला होता, आणि मला हात थांबवता येत नव्हता.